लाल डबा

मिठाचा लाल डबा कितीबी धुतला तरी त्याला त्या जुन्या तिखटाचा आंबूस वास येतोच. आज तो आला अन् लई वर्षांमागचं चिकलठाण्याचं कोरियन दुकान डोळ्यापुढं उभं राहिलं.

तवा बायको तिथल्या एका कंपनीच्या कोरियन साहेबांचा सैपाक करायची. साहेबानं हाच डबा रिकामा देऊन असलाच तिखटानं भरलेला आणायला सांगितला. चुकलं तर काम जाणार होतं. दुकानाची फरशी इतकी चकचकीत, की आम्ही चपला बाहेरच काढल्या. आत गारवा, वाळल्या मासळीचा वास, अन् फळीवर सगळे सारखेच लाल डबे.

"वाचा की," ती म्हणाली.

"मला मराठीच धड वाचाया येत नाय."

गल्ल्यावरची कोरियन बाई आमच्याकडंच बघत होती. चोर समजून पोलीस बोलावते का काय, म्हणून मी हिच्या मागं सरकलो. मग हिनं गोंदणाची नक्षी जुळवावी तसं एकेक अक्षर रिकाम्या डब्याशी बोटानं जुळवलं.

"ह्यो घ्या." बरोबर निघाला.

ती जाऊन सहा महिने झाले. "त्या दुकानात लई भ्याली होती, माझा हात सोडंना," असं मी जन्मभर लोकांना हसून सांगितलं. ती ऐकून नुसता पदर सारखा करायची. खोटं होतं ते. तिचा पदर मीच धरला होता.