मरळीचा झिरा

सहादू भोई मासे धरायला कुणाकडून शिकला, ते कधी सांगायचा नाही. कोणता मासा सोडायचा ते बापानं शिकवलं, एवढं मात्र सांगायचा. पाण्यावर पिल्लांचा तांबडा पुंजका दिसला की खाली मरळ राखणीला असते. तिच्यापुढं गळ टाकायचा नाही. ती गेली की पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात आणि पुढच्या साली डोहात नुसतं पाणी उरतं.

पोरांना हे सांगून झालं होतं. दोघंही साखर कारखान्यात लागले आणि जाळ्याला वास येतो म्हणू लागले. राहिली नात, भागिरथी. ती त्याच्यामागं प्रवरेवर यायची, गळाला गांडूळ लावताना तोंड वाकडं करायची नाही, आणि गप्प बसायची. या धंद्यात गप्प बसणंच अवघड, असं सहादूचं म्हणणं.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. नदी आटत आटत एका डोहापुरती उरली. भागिरथी आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. सहादूनं गळ आढ्याला खोचला आणि रोज डोहावर जाऊन बसू लागला. कुणी टोपली घेऊन आलं की शिव्या घालून परतवायचा. लोक परत जायचे, कारण पुढं नदीला पाणी आलं तर मासा इथूनच पसरणार, हे त्यांनाही कळत होतं.

टोपलीवाल्याला शिव्या घालता येतात, इंजिनाला कशा घालणार? वरच्या मळ्यातल्या राधाकृष्ण पाटलानं ऑइल इंजिन आणून उसासाठी डोहात पाइप सोडला. माणसांनी वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी वाटीवाटीनं भरायचं आणि उसानं अख्खा डोह प्यायचा! सहादू सांगायला गेला, तर पाटील म्हणाला, मासे काय, परत येतील.

बाजारच्या सुट्टीला भागिरथी त्याच्याबरोबर आली, तेव्हा डोहात चिखल होता. लोक टोपल्या भरत होते. सहादू परक्या मयताला उभं राहावं तसा उभा राहिला. कुणाला शिवीसुद्धा दिली नाही.

भागिरथी गुडघाभर चिखलात उतरली. चाचपून दोन मरळी काढल्या, सोबत आणलेल्या घागरीत घातल्या आणि नेऊन झिऱ्यात सोडल्या. झिऱ्यावर पाणी भरणाऱ्या गोजरबाईनं ते पाहिलं.

"सहादूबाबा, नातीला आवरा. आमची लेकरं हे पाणी पित्यात."

तिचंही खोटं नव्हतं. सगळ्या बाया त्याच्याकडं बघत होत्या.

"काढ गं, भागे," सहादू म्हणाला. आवाज दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

तिनं मरळी काढल्या. रडली नाही. घागर घेऊन ती खाली, कुणी पाण्याला येत नव्हतं तिथवर गेली आणि चपट्या दगडानं वाळू उकरू लागली. सहादू मागोमाग गेला.

"जगायच्या न्हाईत त्या."

"ठावं हाय, आज्या."

ती उकरतच राहिली. वाळू पुन्हा पुन्हा आत घसरत होती. सहादू बराच वेळ बघत उभा होता. त्याच्या आत काही हललं नाही, ना राग, ना माया. मग तो उकिडवा बसला.

"काठ उतरता ठेव. उभा खणला की ढासळतो."

त्यानंही ओंजळीनं वाळू उपसायला घेतली. गढूळ पाणी लागलं. मरळी त्यात सोडून भागिरथी काठावर बसली. गप्प. शेजारी सहादूही.