चौकटीबाहेरची हाक

काल शिंगणापूरला मामांकडे गेलो. तिथल्या जुन्या घरांना दारं नसतात, नुसती चौकट असते. वाजवायला कडी नाही, म्हणून बाहेरूनच हाक मारायची आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. आतून भाकरीचा वास आला आणि मला रामेश्वरम आठवलं.

दादा, म्हणजे माझे वडील, जाऊन सहा महिने झाले होते. आई बोलेनाशी झाली होती, म्हणून तिला तिकडे नेलं. एका दिवसात सगळं बेट दाखवणारी बस होती. शेवटचं ठिकाण धनुष्कोडी, समुद्रानं उद्ध्वस्त केलेलं गाव. गाइडनं वीस मिनिटं दिली.

आई एका पडक्या घरापुढे थांबली. घराला छप्पर नव्हतं, दार नव्हतं, आत वाळू साचलेली. तिनं चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि हाक मारली, "हाय का कोनी घरात?"

बसमधले आपल्याकडचेच यात्रेकरू हसले. "मावशी, आमच्यासाठी पण चहा सांगा," एकजण म्हणाला.

"आई, चल. इथं कोणी नाही."

"हळू बोल," ती म्हणाली. "दादा जेवत्यात आत. जेवत्या मानसाला उठवू न्हाई."

मग चपला घालून ती शांतपणे बसकडे निघाली. मला तेव्हा वाटलं, दुःखानं तिला भ्रम झाला.

आता तीही नाही. काल रात्री सावेडीला परतलो. फ्लॅटच्या दाराला दोन कुलपं, घरात कोणी नव्हतं. किल्ली लावण्याआधी मी हाक मारली.

उत्तर आलं नाही. जेवत असतील, म्हणून मी जरा वेळ बाहेरच थांबलो.