उतारावरच्या सिस्टर

वेलीची काडी कापण्याआधी ब्लेड पाच मिनिटं उकळून घेणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही. आमच्या घाटकोपरच्या सोसायटीतल्या सिस्टर ते न चुकता करत. तीस वर्षं हॉस्पिटलात काढून निवृत्त झालेल्या, मूळच्या मालवणकडच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमची इमारत टेकडीला टेकून, आणि मागच्या उताराची माती दर पावसाळ्यात तळमजल्याच्या खिडक्यांशी येऊन बसे. चेअरमनसाहेबांनी साऱ्या उतारावर सिमेंटचा कोबा घालायचं काढलं. सिस्टर सभेत उठल्या. "कोब्यावरून पाणी दुप्पट जोरानं खाली येईल. माती धरायला मुळं लागतात. एक पावसाळा मला द्या." चेअरमन हसले, पण सभेनं गणपतीपर्यंत मुदत दिली. ती मिनिट्समध्ये मीच लिहिली. निवडणुकीच्या दिवशी गैरहजर राहिल्यामुळे मी सेक्रेटरी झालो होतो.

विक्रोळीच्या कंपनी क्वार्टर्समधल्या मैत्रिणीकडून सिस्टरनी जमिनीवर पसरणाऱ्या, पिवळ्या फुलांच्या वेलीचा भारा आणला आणि गॅलरीत वॉर्ड उघडला. पेराच्या जरा खाली काप, खालची पानं काढायची, दोन पेरं ओल्या रेतीत, खोकं सावलीत. "मूळ पेरातून फुटतं," त्या सांगत, "मधल्या दांड्यातून नुसती आशा फुटते." बघायला येणाऱ्यांनी हात लावायचा नाही. चेअरमनच्या बायकोनं एकदा एक पान कुरवाळलं, तर सिस्टरनी त्यांना साबणानं हात धुवायला लावले.

पहिली तुकडी जूनअखेर उताराच्या निम्म्या भागावर गेली. दुसरी रेतीत असताना सिस्टर भाचीच्या बाळंतपणासाठी आठ दिवस सांताक्रूझला गेल्या. किल्ली माझ्याकडे. फक्त पाणी शिंपडायचं, एवढंच बजावून गेल्या. पण सेक्रेटरीला प्रगती कळायला नको? मी रोज सकाळी एकेक काडी उपटून मूळ आलंय का ते तपासत असे आणि पुन्हा जागच्या जागी खोचून ठेवत असे. अगदी नियमितपणे. आठव्या दिवशी अख्ख्या वॉर्डानं माना टाकल्या.

सिस्टर आल्या, त्यांनी एक काडी उचलली. तळाशी केसाएवढं मूळ तुटून लोंबत होतं. "ह्या काय केलंस रे मेल्या?" आवाज चढला नाही, म्हणून मी जास्त घाबरलो. मग त्यांनी पदर खोचला. "ब्लेड उकळत ठेव."

तिसरी तुकडी रेतीत लागली, पण मुदत थांबली नाही. सभेच्या दिवशी उतार निम्मा हिरवा, निम्मा उघडा. चेअरमननी कारण विचारलं. आता आपलं नाव येणार, म्हणून मी मिनिट्सच्या वहीत डोकं घातलं.

"दुसरी तुकडी दगावली," सिस्टर म्हणाल्या. "देखरेख माझी होती."

बस्स. उघड्या भागावर कोबा घालायचा ठराव झाला. मी तो सुवाच्य अक्षरात लिहून काढला.

पुढच्या पावसात कोब्याला भेगा पडल्या, त्यांतून माती गळू लागली. हिरव्या भागातलं ढेकूळही हललं नव्हतं. चेअरमन उताराकडची खिडकी बंद ठेवू लागले. सिस्टर मात्र खांद्यात छत्री अडकवून रोज उतारावर. प्रत्येक भेगेत मूठभर माती, मातीत मुळं फुटलेली काडी. बादली मी धरायचो. एकदा मी म्हटलं, चेअरमनना सगळं सांगून टाकतो.

"ही भेग मोठी आहे," त्या म्हणाल्या. "दोन काड्या दे."

दोन वर्षांत कोबा दिसेनासा झाला.

मग सिस्टर भावाकडे मालवणला कायमच्या निघाल्या. निरोपाच्या समारंभात चेअरमननी भाषण ठोकलं, की कमिटीनं वेळीच घातलेल्या कोब्यामुळे आपला उतार वाचला. माझं ढुंगण खुर्चीवर टिकेना. उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं: ती दुसरी तुकडी मी उपटून मारली, नाहीतर त्या कोब्याची गरजच पडली नसती.

चेअरमनचा चेहरा पडला. सिस्टरनी शाल सावरली.

"बस रे खाली," त्या म्हणाल्या. "ह्यांनी कोबा घातला नसता, तर मला एवढ्या भेगा कुठे मिळाल्या असत्या?"

सर्वांत जोरात टाळ्या चेअरमननीच वाजवल्या.