भिंतीला कान

ती मुलगी देवळी गावात आमच्याकडे एकदाच आली. शहररचनेच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी, जुन्या घरांतलं काय नव्या बांधकामात पुन्हा वापरता येईल, हे ती पाहत होती. दार, तुळई, वीट, प्रत्येकावर बोटाने टकटक करून ती कान लावी.

“भिंतीले ताप आला का वं?” मी विचारलं. ती हसली.

यजमान वारले त्या खोलीत मात्र तिचं हसू थांबलं.

“मावशी, इथं कोण झोपते?”

“मीच. यांच्या पलंगावर.”

“नका झोपत जाऊ. भिंत आतून पोकळ झाली. मले भेव वाटून राह्यलं.”

पलंग हलवायला माझा हात अजून धजत नाही. आता दिवा मालवण्याआधी मीही भिंतीला कान लावते. आत माती गळताना ऐकू येते.