मिनिटं हुकले

आमच्या फिरत्या पशुदवाखान्याचा ड्रायव्हर जीपीएसमध्ये आकडे टाकताना आधी इंजिन बंद करतो. "मशीनसंग बोलताना गाडी चूप पायजे," म्हणतो. मग करंगळीनं एकेक आकडा दाबत मोठ्यानं वाचतो.

शेताला पत्ता नसतो, म्हणून ऑफिसातून अक्षांश-रेखांशाचे आकडे येतात. कधी अंश-मिनिटांत, कधी सरळ दशांशात. तीस मिनिटं म्हणजे अर्धा अंश, पॉइंट पाच, हे मी त्याला कितीदा तरी सांगितलं. तो पॉइंट तीसच टाकतो. असंच एकदा नेरकडे निघालो आणि भलत्याच तांड्यावर पोचलो. "मिनिटं हुकले साहेब," तो म्हणाला, "पण आलोच आहो तं बकऱ्या पाहून घ्या." तिथं आमची गाडी कधी गेलीच नव्हती. एका म्हातारीच्या बकरीचं पोट फुगलं होतं. मी औषध पाजलं. "पुन्हा कवा येता?" तिनं विचारलं. मी बॅग बंद केली.

गेल्या आठवड्यात आकडे दशांशात आले. मिनिटांचा प्रश्नच नव्हता. त्यानं इंजिन बंद केलं नाही, करंगळी उचलली नाही, आणि गाडी थेट त्याच तांड्यावर नेली. म्हातारी बकऱ्या बांधून वाट पाहत होती. मी त्याच्याकडे पाहिलं. तो काच पुसू लागला.

कळंबजवळ एका शेतकऱ्याची लंगडणारी गाय आमच्यासाठी खोळंबली होती. मी बॅग उचलली आणि त्या शेतकऱ्याला फोन लावला. "पत्ता चुकला, उशीर होईल."

"पत्ता नाही साहेब," ड्रायव्हर शेजारून हळूच म्हणाला, "मिनिटं हुकले म्हणा."