लोंढ्याची ओटी

“पदर लांब धर गं. अजून लांब.”

सेक्रेटरीबाई, म्हणजे सेक्रेटरींची बायको, माईकजवळच बोलल्या, सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. बोरीवलीतल्या त्या सोसायटीचे जिने मी झाडायचे. गणपतीत कामवालीचा सत्कार म्हणून मला स्टेजवर बोलावलं होतं. आम्ही बौद्ध. ओटी-बिटी आमच्यात नाही. तरी पदर पुढे केला, काम जाईल या भीतीनं. बाईंनी हाताला हात लागणार नाही अशा बेतानं वरून नारळ टाकला. खण टाकला. फोटो निघाला.

त्याआधी त्याच स्टेजवर वादविवाद स्पर्धा झाली होती. विषय, मुंबईत येणारे लोंढे शहराला तारतात की मारतात. पहिला नंबर सेक्रेटरींच्याच कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा. माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली होती, “एका हाताने हे लोक आपले जिने झाडतात आणि दुसऱ्या हाताने आपली जागा बळकावतात.” काय टाळ्या पडल्या! मांडवाबाहेर आमची वस्ती उठवायच्या अर्जावर सह्या चालल्या होत्या.

आम्ही दुष्काळात जालन्याकडून आलो. सेक्रेटरीही राजापूरहून पत्र्याची ट्रंक घेऊनच आलेले. रंगीत टीव्हीसमोर बसून पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे. ते आले ते नोकरीला. आम्ही आलो तो लोंढा. याच बिल्डिंगच्या विटा मी डोक्यावरून वाहिल्या, तेव्हा मी कुणाला जड झाले नव्हते.

स्टेजवर उभ्या उभ्या हे सगळं आठवलं. मी पदर सोडला. नारळ घरंगळत पहिल्या रांगेपर्यंत गेला.

“अगं, हे काय?” बाई ओरडल्या.

मी खाली उतरले. वस्तीत येऊन बायकांना म्हणाले, “आपण आलो तर काय होतं, ते त्यांनी तोललं. आपण कामावर गेलो नाही तर काय होतं, तेही तोलू दे की.”

दुसऱ्या दिवशी एकही बाई त्या सोसायटीची पायरी चढली नाही. जिन्यात कचरा कुजायला लागला तेव्हा सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून वस्तीच्या तोंडाशी आले.

“एवढा मान दिला तुला, आणि हे पांग फेडलेस?”

“मान ठेवा तुमच्याकडे. अर्ज मागे घ्या, मग झाडू.”

“तुझ्यासारख्या छप्पन्न मिळतील. रोज येतायत गावाहून.”

“येऊ द्या. त्याही इथंच राहतील. माझ्या शेजारी.”

अर्ज त्यांनी मागे घेतलेला नाही. मीही झाडू उचललेला नाही. घरात चूल एकदाच पेटते. पण वस्ती तोडायला गाडी आणलीत, तर पहिल्या झोपडीच्या दारात मी उभी असेन. पदर खोचून.