सार्जंटने जमवलेली ज्यूरी

डीलिया टार्पीने नूआला गेराटीला पहिल्यांदा पाहिलं ते ज्यूरीच्या बाकावर, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेली. डीलियाचा मुलगा काहल पोलीस ठाण्याच्या कोठडीत मेला होता. तो कसा मेला, हे आज कॉरोनरसमोर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, ठरायचं होतं.

आयर्लंडमधल्या त्या गावात ज्यूरी जमवायचं काम ठाण्याच्या सार्जंटचं. तो पेठेत फिरून ओळखीच्या दुकानदारांना घेऊन यायचा. चौकशी कधी बुडालेल्या कोळ्याची असे, कधी ट्रॅक्टरखाली सापडलेल्या म्हाताऱ्याची. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं. आजही सहा जण त्यानेच आणलेत, हे डीलियाने पाहिलं.

शपथेची वेळ आली तशी नूआला उभी राहिली.

"साहेब, मी शपथ घेणार नाही. माणूस मेला सार्जंटच्या कोठडीत, आणि निकाल देणार आम्ही, त्यानेच निवडलेले?"

"बस गं नूआला," सार्जंट हसत म्हणाला. "वीस वर्षं मुकाट्याने येतेस की!"

"येते ना, सार्जंट. तेच चुकलं माझं."

कॉरोनरने चष्मा काढून पुसला, बराच वेळ कागद चाळले आणि ज्यूरी बरखास्त केली.

नवी ज्यूरी दुसऱ्या गावच्या मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकून निवडली. काहलला धाप लागली असताना दोन तास कोणी दार उघडलं नव्हतं, असं त्या ज्यूरीने लिहून दिलं.

नूआला आता एकाहत्तर वर्षांची आहे. तिच्या लोकरीच्या दुकानात पोलिसांच्या घरचं कोणी पाऊल टाकत नाही.